चक्रव्यूह वहीत नको, मैदानावर हवा



‘सशाला गाजरापर्यंत पोहोचवा’ हे कोडं आपल्या मुलांनी बालवाडीपासून सोडवलेलं असतं. पेन्सिल घ्यायची, चुकीच्या वाटा टाळायच्या, गाजर गाठायचं. जो आधी पोहोचला तो हुशार! वळणावळणाच्या वाटेचा शाळेतला उपयोग बहुतेक वेळा इथेच संपतो. मला हा उपयोग फार अपुरा वाटतो. अशा वाटांवरून लोक चालले आहेत, नाचले आहेत, त्यांची वळणं घोड्यावरून घेतली आहेत. आणि तेही सगळ्यांनी मिळून.

आधी एक फरक समजून घेऊ. भूलभुलैयात फाटे असतात, म्हणून माणूस वाट चुकतो. लॅबिरिंथमध्ये वाट एकच असते. ती मध्याजवळ नेते, पुन्हा लांब नेते, उलटी वळते. पण चालत राहिलं की मध्यावर पोहोचवतेच. परत येतानाही तीच वाट.

आता इतिहास बघा. इटलीत सापडलेल्या इ.स.पू. 7व्या शतकातल्या एका मातीच्या सुरईवर असा लॅबिरिंथ कोरलेला आहे आणि त्याच्याजवळ घोडेस्वार आहेत. पुढे रोममध्ये ‘ट्रॉयचा खेळ’ होत असे. खानदानी घरांतली मुलं घोड्यांवर बसून, तुकड्या करून, एकमेकांत गुंफत वळणं घेत. व्हर्जिल या कवीने ‘एनीड’ महाकाव्याच्या 5व्या सर्गात या वळणांची तुलना क्रीट बेटावरच्या लॅबिरिंथशी केली आहे. सम्राट ऑगस्टसने हा खेळ अनेकदा भरवला. पण एका मोठ्या माणसाच्या नातवाचा पाय मोडला, आजोबांनी सिनेटमध्ये जोरदार तक्रार केली आणि ऑगस्टसने खेळच बंद केला. मुलाला लागलं की खेळ बंद, ही गोष्ट 2000 वर्षं जुनी आहे म्हणायची!

नाचाचंही तसंच. प्लुटार्क लिहितो की क्रीटहून परतताना थिसिअसने डेलॉस बेटावर तरुण सोबत्यांसह लॅबिरिंथच्या वळणांचा नाच केला. त्या नाचाला ‘क्रौंच’ म्हणत. फ्रान्समधल्या ओसेर इथल्या कॅथेड्रलमध्ये ईस्टरच्या सणाला धर्मगुरू फरशीवरच्या लॅबिरिंथवर हात धरून नाचत आणि चेंडू झेलत. ही प्रथा 1538 मध्ये बंद झाली. स्वीडन-फिनलंडकडच्या दगडी लॅबिरिंथना तर ‘कुमारिकांचा नाच’ असंच नाव आहे.

आपल्याकडे अभिमन्यूची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरातल्या शिल्पात चक्रव्यूह लॅबिरिंथसारखाच कोरला आहे. पण आपल्या मनात चक्रव्यूह म्हणजे सापळा. वारीतलं रिंगण काही लॅबिरिंथ नव्हे, तरी घोडा, नाच आणि जमलेली माणसं एका आखलेल्या जागेवर कशी एक होतात, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मग शाळेच्या मैदानावर फक्कीने आपण काय आखतो? धावपट्टी आणि कबड्डीचं मैदान. दोन्ही हवीतच. पण तिथे मोजकी मुलं खेळतात आणि बाकीची कडेला बसून टाळ्या वाजवतात. कडेला बसणारी मुलं दरवर्षी बहुधा तीच असतात, हे आपल्यालाही माहीत आहे.

म्हणून माझा आग्रह आहे की एक लॅबिरिंथही आखा. मधोमध अधिक चिन्ह काढा. त्याच्या चारही कोपऱ्यांत एकेक काटकोन काढा. काटकोनाचा कोपरा अधिक चिन्हाच्या मध्याकडे हवा. प्रत्येक काटकोनाच्या मोकळ्या जागेत एक ठिपका द्या. आता अधिक चिन्हाचं वरचं टोक उजवीकडच्या पहिल्या टोकाला कमानीने जोडा. मग डावीकडचं पुढचं टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाला. असंच करत गेलं की 8 कमानींत 7 फेऱ्यांची वाट तयार! पट्टा 2 फुटांचा धरला तर साधारण 30-35 फूट जागा पुरते. वर्गात कुणी चाकाच्या खुर्चीवर असेल तर पट्टा रुंद ठेवा.

“यात शिकायचं काय? अभ्यासक्रम कधी संपवायचा?” असं कुणी विचारेल. आखताना कंस आणि मोजमाप येतं, भूमिती येते. पण मला खरं मोल वाटतं ते चालण्यात. शेजारच्या पट्ट्यातला मित्र आपल्या पुढे आहे की मागे, हे चालताना पटकन कळतच नाही! आत जाणारा आणि बाहेर येणारा समोरासमोर आले की एकाला बाजूला व्हावंच लागतं. पहिला-दुसरा नंबर काढायला फारसा वाव उरत नाही.

नंबरांची सवय मुलांना आपणच लावली आहे. निदान मैदानाचा एक कोपरा तरी त्यातून मोकळा ठेवू या. पुढच्या पालक सभेला भाषणाआधी सगळ्यांना, आजी-आजोबांसकट, ही वाट एकदा चालायला लावा. मुलांना पुढे चालू द्या. आपण मागून जाऊ.