दुसरं कर्जत

शिक्षणसेवक म्हणून माझी नेमणूक कर्जतला झाल्याचं कळलं तेव्हा भावकीत सगळ्यांना आनंद झाला. आम्ही बीड जिल्ह्यातल्या आष्टीकडचे. आमच्यासाठी कर्जत म्हणजे नगरचं कर्जत, एसटीनं तासा-दोन तासांवरचं. ‘पोरगी घरून ये-जा करील,’ असं चुलत्यांनी परस्पर जाहीरही करून टाकलं. हे कर्जत वेगळं, रायगडातलं, घाटाच्या पायथ्याचं, शाळा डोंगरातल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीवर, हे समजल्यावर आईनं एकच विचारलं, ‘ती टीव्हीवर दाखवलेली वाडी तिकडंच का?’

तिकडंच. इर्शाळवाडी शेजारच्या खालापूर तालुक्यातली. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 माणसं सापडलीच नाहीत. वाडीपर्यंत रस्ता नसल्यानं बचाव पथकांनाही डोंगर पायी चढून जावं लागलं होतं. माझी खोलीतली जोडीदारीण तिथल्या चौक गावाजवळच्या शाळेवर आहे, तीही परजिल्ह्यातलीच. पाऊस धरून राहिला की ती रात्री तीनतीनदा उठून फोनवर इशारे बघते.

पावसाबद्दल मला लोकांनी सांगितलं होतं, पण सांगून तो कळत नाही. आमच्याकडं वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी साल बरं गेलं म्हणायचं. इथं एकट्या जुलैत त्याहून जास्त कोसळतो. गेल्या वर्षी जूनमध्ये रुजू झाले आणि महिनाभरात चपलांना, पट्ट्याला, पदवीच्या प्रमाणपत्राच्या फाइलला हिरवट बुरशी धरली. गावाहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाला असा कुबट वास लागला की भाकरी तोंडात घेववेना. घरमालकीणबाईंनी ते पीठ कोंबड्यांना घातलं आणि मला तांदळाच्या पिठाची उकड काढायला शिकवलं. भाकरी जमली, पण भूक अजून ज्वारीचीच लागते. रानभाज्यांचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, मग कंटोळी. वाडीवरच्या बाया डोक्यावर पाटी घेऊन कर्जत स्टेशनबाहेर विकायला बसतात, त्यातल्या दोघी माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया आहेत. त्या माझ्याकडून पैसे घेत नाहीत आणि मी फुकट घेत नाही, असं आमचं भांडण दर आठवड्याला चालू असतं.

खोली स्टेशनपासून जवळ. फार्महाउस आणि सेकंड होमच्या हवेनं इथली भाडी वाढलेली, आणि शिक्षणसेवकाचं मानधन 16 हजार. तक्रार करावी तर जुने शिक्षक गप्प करतात. 2000 साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकला तीन हजार मिळायचे, मग सहा झाले, आणि जानेवारी 2023 पासून सोळा. तीन वर्षं सेवक राहायचं, मग सहशिक्षक. या तीन वर्षांत माणूस पुरता पाहुणा असतो. मिक्सर घ्यावा का, कपाट घ्यावं का, इथपासून सगळे प्रश्न ‘बदली झाली तर?’ला येऊन अडतात. वाडीलाही ते ठाऊक आहे. पहिल्या पालकसभेत एका आजोबांनी नाव-गाव विचारण्याआधी विचारलं होतं, ‘बाई, तुम्ही कवा जानार?’

कोकणातल्या डीएड झालेल्या पोरांचं म्हणणं असं की घाटावरचे येतात, आमच्या जागा घेतात आणि आंतरजिल्हा बदली करून निघून जातात. हे म्हणणं खोटं नाही. पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरताना गुणवत्ता यादीत जिथं नंबर लागेल तो जिल्हा मी भरला. वाडीचा विचार त्यात नव्हता. इथली बोली येणारा शिक्षक पहिलीच्या मुलाला मिळाला तर त्याचे निदान सहा महिने वाचतात, हे मी रोज बघते. तरीही मी जागा सोडणार नाही. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, आणि माझी सोय कोणत्या बाजूला आहे ते वाचकांना दिसतंच आहे.

पहिल्या पावसात मी तिसरी-चौथीला पेरणी शिकवायला घेतली. फळ्यावर बैल काढले, तिफण काढली, चाड्यावर मूठ धरणारी बाई काढली. चित्र बरं जमलं होतं. मुलं बघत राहिली. तिफण त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मग चौथीतली एक मुलगी उठली आणि शिक्षिकेला जमणार नाही अशा ठामपणे सांगू लागली. उन्हाळ्यात शेण-पालापाचोळा पसरून राब भाजायचा, त्यावर बी टाकायचं, रोप वर आलं की खणून मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावायच्या. नाचणीसुद्धा लावायची. पेरून मोकळं व्हायचं नाही. त्या आठवड्याचे गुणाकार मग आम्ही मुठींवरच केले: एका खाचराला इतक्या मुठी, तर चार खाचरांना किती. पुढच्या सोमवारी ती मुलगी लावणीला गेली, आणि आणखी तिघी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिल्या.

हे सगळं नवं होतं. दिवाळीनंतर जे झालं ते मात्र मला पाठ होतं. सुट्टी संपवून आले तर कातकरी वाडीतली सगळी मुलं गायब. ‘भट्टीवर गेली,’ असं मोठे गुरुजी म्हणाले. कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं घर जातं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. आष्टीत माझ्या वर्गाचं दसऱ्यानंतर हेच व्हायचं. मुकादमाची उचल, ट्रॅक्टरवर संसार, कोयता, आणि पश्चिम महाराष्ट्रातले साखर कारखाने. माझ्या बाकावरची मैत्रीण चौथीनंतर आलीच नाही. त्यामुळं रिकामी बाकं बघून मी गुरुजींना पहिला प्रश्न विचारला तो हाच, की उचल कधी वाटतात. ते चमकले. उचल पावसाळ्यातच वाटतात, घरातलं धान्य संपतं तेव्हा. म्हणजे दिवाळीत समजावून काही उपयोग नाही, बोलायचं तर श्रावणातच.

यंदा श्रावणात घरोघर गेले. दोन आज्यांनी नातवंडं मागं ठेवायचं कबूल केलंय. बाकीच्यांना शिक्षण हमी कार्ड देणार, भट्टीजवळच्या शाळेनं बसवून घ्यावं म्हणून. तिथली शाळा किती बसवते, ते भट्टी शाळेपासून किती लांब आहे त्यावर. कार्ड दाखवायला जाण्याइतकी फुरसत विटा थापणाऱ्या बापाला नसते, हेही मला आमच्या उसाच्या फडावरून ठाऊक आहे. म्हणून यंदा भट्टीचा पत्ता आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर मीच आधी मिळवतेय. नऊ घरांपैकी पाचांचा मिळाला.

खात्याचा हिशेब मात्र निराळा. संचमान्यतेसाठी पट धरला जातो तो 30 सप्टेंबरचा. त्या दिवशी वाडीतली झाडून सगळी मुलं हजर होती, खिचडी दोनदा शिजवावी लागली, आणि शाळेचं दुसरं पद, म्हणजे माझं, कागदावर शाबूत राहिलं. भट्टीचे टेम्पो भाऊबीजेनंतर येतात.