नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या सरळ वाचा की उलट, तीच. हा १११११११११ चा वर्ग. गुणाकार कागदावर मांडून पाहाच: एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली, मधल्या घरात नऊ एक जमतात आणि हातचा कुठेच लागत नाही. दहा एक घेतले की तिथे हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असा सगळा डौल मोडतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना अशा संख्यांचा विचार डोंबिवली स्थानकावर सुचला. या संख्यांना दिलेले ‘डेम्लो’ हे नावही त्यांचेच. नऊ एकांच्या वर्गातल्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा वर्गच! मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. मला सर्वांत देखणा वाटतो तो शेवटचा. त्याला तीनने गुणा, १००१००१ येतात.