वर्गणी भरली, स्थळाचे काय?

गेल्या उन्हाळ्यात राहुरी तालुक्यातील एका ओळखीच्या घरी गेलो होतो. चार-साडेचार एकर बागायत, गोठ्यात पाच गाई, थोरली मुलगी लग्न होऊन पुण्याला आणि धाकटा मुलगा तिशीचा, कृषी पदवीधर, अविवाहित. चहा येण्याआधीच मुलाच्या वडिलांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘‘भाऊ, जरा बघा. हे पैसे भरावेत का?’’

पडद्यावर लग्न जुळवणाऱ्या एका अ‍ॅपची सूचना होती. आठ मुलींनी तुमच्या मुलाची माहिती पाहिली आहे, असे त्यात म्हटले होते. आठही फोटो धूसर. ते स्पष्ट दिसायला हवे असतील आणि फोन नंबर हवे असतील तर तीन महिन्यांची वर्गणी साडेचार हजार रुपये. सवलत फक्त आज रात्री बारापर्यंत! आतून मुलाची आई म्हणाली, ‘‘दोनदा भरलेत आधी. दुधाचा पगार आला की त्यांना बरोबर कळतं.’’

प्रश्न साडेचार हजारांचा दिसतो, पण तो तेवढाच नाही. आज अहिल्यानगर जिल्ह्यातील कितीतरी घरांत हा व्यवहार चालू आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी याच घरांतील मुले टिंडर, बम्बल यांसारख्या ‘डेटिंग’ अ‍ॅपवर तोच व्यवहार करतात, फक्त तो आईवडिलांना सांगत नाहीत. दोन्हींचा हेतू वेगळा. एकात पत्रिका आणि शेती विचारतात, दुसऱ्यात आवडीनिवडी आणि फोटो. कुलूप मात्र दोन्हीकडे एकाच जातीचे आहे. आत येणे फुकट, कोणी आपल्याकडे पाहिले हे कळायला पैसे.

आपल्याकडे सोयरीक जुळवणे हा धंदा नव्हता असे नाही. नगर भागात मध्यस्थ असे. तो कोणाचा तरी मामा, गुरुजी, नाहीतर बाजाराच्या दिवशी दहा गावांची माणसे भेटणारा आडत्या. तो खोटेही बोलत असे. दोन एकराचे पाच एकर करणे, मुलाचे दारूचे प्रकरण झाकणे, हे त्याला वर्ज्य नव्हते. पण त्याचा मान लग्नाच्या मांडवात व्हायचा. टॉवेल-टोपी किंवा फेटा, कधी पूर्ण पोशाख. लग्न जमले तरच मान, आणि संसार बिघडला तर शिव्या खायलाही तोच. पुढे वधू-वर सूचक मंडळे आली, समाजाचे मेळावे आले, वर्तमानपत्रांतल्या ‘वधू पाहिजे’च्या जाहिराती आल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शादी डॉट कॉम आणि भारत मॅट्रिमनी यांनी हेच काम इंटरनेटवर नेले. टिंडर अमेरिकेत २०१२ साली सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या शहरांतही पोहोचले.

या प्रवासात एक गोष्ट उलटी झाली. मध्यस्थाला लग्न झाल्यावर मिळत असे. अ‍ॅपला लग्न होईपर्यंत मिळते. ज्या दिवशी जोडी जमते त्या दिवशी त्याची दोन गिऱ्हाइके जातात. कंपन्या जाणूनबुजून लग्ने अडवतात असे मला म्हणायचे नाही. जुळलेल्या जोड्यांच्या जाहिरातीवरच त्यांना नवे गिऱ्हाईक मिळते. पण नफा आशेत आहे, निकालात नाही, हे वर्गणी भरताना ध्यानात असावे.

ही आशा कशी विकली जाते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ साली टिंडरची मालक असलेल्या मॅच ग्रुप या कंपनीवर खटला भरला. वर्गणी न भरलेल्या लोकांना ‘कोणीतरी तुमच्यात रस दाखवला आहे’ असे संदेश मॅच डॉट कॉमवरून जात. त्यांतील अनेक संदेश कंपनीलाच संशयास्पद वाटलेल्या खात्यांचे होते, असा आरोप होता. जून २०१६ ते मे २०१८ या काळात असा संदेश मिळाल्यापासून चोवीस तासांत सुमारे पाच लाख लोकांनी वर्गणी भरली, असे कमिशनचे म्हणणे. कंपनीने आरोप नाकारले. बनावट संदेशांचा मुद्दा न्यायालयात टिकला नाही. पण हमीची जाहिरात, वर्गणी रद्द करण्याची अवघड वाट वगैरे मुद्द्यांवर कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर देऊन तडजोड केली. दरही सर्वांना सारखा असतो असे समजू नये. टिंडरने २०१५ साली अमेरिकेत सशुल्क सेवा सुरू केली तेव्हा तिशीच्या आतल्यांना महिना दहा डॉलर आणि तिशी ओलांडलेल्यांना वीस डॉलर, असा हिशोब होता. वय वाढले की गरज वाढते आणि गरज वाढली की भाव, हे बाजारसमितीत कांदा विकणाऱ्या आपल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. खरी मेख इथे आहे.

२००१ च्या जनगणनेत त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८८४ मुली होत्या. राज्याचा आकडा ९१३. ही मुले आज पंचविशी ते तिशीच्या आसपास आहेत. म्हणजे ज्यांच्या लग्नाची आज घाई आहे, तीच ही पिढी. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांआधी केला होता आणि केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही हे झाले. आणि २०११ च्या जनगणनेत आकडा आणखी घसरून ८५२ झाला. राज्याचा तेव्हा ८९४ होता. ती मुले आता विशीत शिरू लागली आहेत.

हजार मुलांमागे ११६ मुली कमी होत्या. ज्या होत्या त्यांतल्या शिकलेल्या मुली सुपे, रांजणगाव, चाकण, हिंजवडी अशा वाटेने पुढे गेल्या. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. आम्हाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंग निदानाचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी होती. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हसले. हसण्यासारखे त्यात काय होते, हे मला आजही कळलेले नाही.

अशा ठिकाणी वर्गणी म्हणजे काय विकत घेणे? रांगेतली पुढची जागा. बस स्टँडवर गाडीत चाळीस जागा आणि फलाटावर साठ माणसे असली की खिडकीतून रुमाल टाकणारा बसतो. पण गाडीत एकेचाळिसावी जागा तयार होत नाही. उद्या शेजाऱ्यानेही तीच वर्गणी भरली की दोघांचे रुमाल सारखेच. मग कंपनी त्याहून वरची योजना काढते, सोबत ‘खास सल्लागार’ देते आणि आकडा साडेचार हजारांवरून पंचवीस हजारांवर जातो. डेटिंग अ‍ॅपवर ही गर्दी अधिकच एकतर्फी असते. तेथे पुरुष फार, स्त्रिया थोड्या; त्यामुळे पैसे भरतात ते बहुतेक पुरुषच.

मुलींच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ‘शेती हवी, शेतकरी नको’ असे म्हणून त्यांची थट्टा करणे सोपे आहे. पण त्या मुलीने पहाटे पाचला धार काढणारी, दुपारी खुरपणीला जाणारी आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली आई पाहिलेली असते. तिने नकार दिला तर तो माणसाला असतोच असे नाही. त्या दिनक्रमाला असतो. ती मोबाईलवर वर्गणी भरत नाही, कारण तिला भरावी लागत नाही. त्याऐवजी तिला दिवसाला पन्नास अनोळखी पुरुषांचे संदेश वाचावे लागतात आणि त्यांतला खरा कोण, घटस्फोट लपवणारा कोण, हे स्वतःच ओळखावे लागते. केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये लग्नाच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत ओळख पडताळण्यावर भर होता, तो याचसाठी.

मग पैसे कधीच भरू नयेत का? तसे नाही. संगमनेरच्या एखाद्या घटस्फोटित स्त्रीला, विधुराला, जातीबाहेर शोधणाऱ्याला किंवा अपंग व्यक्तीला मध्यस्थ कधी दारात उभे करत नव्हता. त्यांच्यासाठी ही दारे खरोखर नवी आहेत आणि एका महिन्याची वर्गणी वाया जाणारी नाही. मात्र एकाच महिन्याची. आधी दीड-दोन महिने फुकट वापरून पाहावे. कोणी स्वतःहून उत्तर देत असेल, फक्त नंबराअभावी बोलणे अडले असेल, तर पैसे भरण्यात अर्थ आहे. कोणीच बोलत नसेल तर पैशाने ते बोलणार नाहीत. आपोआप नूतनीकरणाची खूण काढून टाकावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून असे पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना यावी लागते, ती वाचावी. ‘आज रात्री बारापर्यंत’ ही घाई खोटी असेल तर तो आता नियमभंग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली, त्यांत खोटी घाई आणि वर्गणीचा सापळा हे दोन्ही आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे. बेंगळुरूत २०२४ साली एका वडिलांनी मुलासाठी ३० हजार रुपये भरले, मुदतीत एकही योग्य स्थळ आले नाही. ते ग्राहक आयोगात गेले आणि भरपाईसह एकूण ६० हजार रुपये देण्याचा आदेश त्या विवाहसंस्थेला झाला. पावती आणि बोलणे जपून ठेवले होते म्हणूनच ते शक्य झाले असणार.

राहुरीच्या त्या घरी मी मुलालाच विचारले, शोधाच्या अटी काय ठेवल्या आहेत? त्याने दाखवल्या. जिल्हा एकच, जात एकच, पोटजातही तीच, वय सव्वीसच्या आत, ‘प्रथम विवाह’. आधीच कमी असलेल्या मुलींतून या पाच चाळण्या लावल्यावर खाली किती उरणार? आणि या चाळण्या काढायला एक रुपयाही लागत नाही. त्याने जिल्ह्याची अट काढली. वयाची काढली. थोडे थांबून ‘प्रथम विवाह’वरची खूण काढली, तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली, पण काही बोलली नाही. जातीच्या रकान्यावर बोट गेले तसे वडील म्हणाले, ‘‘ते राहू दे तूर्त.’’

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. पैसे भरले नव्हते. सवलत अजून चालूच होती, रोज रात्री बारापर्यंत.