नकाशावरचा थांबलेला ठिपका

निघोज्यात आजोबा पहाटे सायकलवर निघाले की घरच्यांचे कान फोनकडे लागतात. चाकणच्या कारखान्यांकडे जाणारी अवजड वाहने रस्त्यावर वाढण्यापूर्वी ते परततील ना? अशा घरांना फेरीची नोंद ठेवणारी अ‍ॅप्स उपयोगी पडतात. अमेरिकेत २००९ मध्ये सुरू झालेले ‘स्ट्राव्हा’ आज अनेक देशांतील सायकलस्वार वापरतात. जर्मनीतले ‘कोमूट’ वाट आखण्यासाठी परिचित आहे. ‘स्ट्राव्हा’ची गोडी बरीचशी वेगाच्या चढाओढीत आहे. सत्तरीत ती नकोच. सहज बोलता येईल इतकाच वेग पुरे.

थेट ठिकाण मात्र घरी अवश्य कळवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरही ते १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास दाखवता येते. ठिपका थांबला म्हणजे अपघातच झाला असे नव्हे. टपरीवर चहा घेणे चालू असेल! तरी किती वेळाने फोन करायचा आणि तो न उचलल्यास कोणी निघायचे, हे आधीच ठरवावे.

नोंद सर्वांना दिसू देऊ नये; तीतून घरही ओळखता येते. २०१८ मध्ये ‘स्ट्राव्हा’च्या नकाशावरून लष्करी तळसुद्धा उघड झाले होते.