तिजोरी उघडली, पाळणा हलला?

सरकारने पैसा ओतला की जननदर वाढतो, असे मानणाऱ्यांच्या तोंडून हंगेरीचा दाखला काही सुटत नाही. त्याला उत्तर म्हणून येथे एकच तुलना मांडणे पुरेसे ठरेल.

हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारने २०१९ मध्ये दांपत्यांना एक कोटी फोरिंटपर्यंत बिनव्याजी कर्ज देऊ केले. दुसऱ्या अपत्यानंतर त्याचा काही भाग आणि तिसऱ्यानंतर उरलेले सारे माफ होणार होते. पाच वर्षांत पाळणा हललाच नाही, तर मात्र व्याजाची सवलत परत करावी लागणार होती. चार मुलांच्या आईला आजन्म प्राप्तिकरमाफी मिळाली, आणि तीन मुलांच्या कुटुंबाला सात आसनी मोटारीसाठी अनुदान. मोटारविक्रेत्यांची एवढी काळजी वाहणारे लोकसंख्या-धोरण विरळाच. एकूण जननदर, म्हणजे त्या वर्षीचे वयोगटवार जन्मप्रमाण कायम राहिल्यास एका स्त्रीला सरासरी होतील तितकी मुले, २०११ मधील १.२३ वरून २०२१ मध्ये १.६ च्या आसपास गेला आणि बुडापेस्टने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्याच दशकात झेकियाचा दर १.४३ वरून १.८३ वर गेला, तोही कर्जमाफी आणि मोटारीवाचून. प्रागचा हात आखडता होता असे नव्हे: तेथील पालकभत्ता २०२० मध्ये २ लाख २० हजार क्राऊनवरून ३ लाखांवर नेण्यात आला, परंतु तो मूल सांभाळण्यासाठी होता, तिसऱ्या अपत्याचे बक्षीस म्हणून नव्हे. साम्यवादी राजवटी कोसळल्यावर दोन्ही देशांतील स्त्रियांनी मातृत्व लांबणीवर टाकले होते, आणि असे लांबणे मंदावले की वार्षिक दर आपोआप सावरतो. लोकसंख्याशास्त्रज्ञ यास कालपरिणाम म्हणतात. या सावरण्यातील किती वाटा कर्जाचा, हे हंगेरीच्या एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही.

 

सवलती चालू असतानाच हंगेरीचा दर पुन्हा घसरला, आणि २०२४ मध्ये दोन्ही देश १.४ च्या खाली होते. यापुढे हंगेरीचा आकडा देणाऱ्यांनी झेकियाचाही शेजारी छापावा.