हिमनग, भगीरथ आणि जन्हू

मे महिना आला की कात्रपमध्ये पाण्याचे टँकर दिसू लागतात, आणि त्यांच्यामागोमाग पाण्याविषयीच्या कल्पनाही. अशाच एका संध्याकाळी गच्चीवरच्या गप्पांत कोणीतरी दक्षिण ध्रुवाकडचा हिमनग ओढून आणण्याची गोष्ट काढली. टाकी कोरडी होती म्हणून असेल, पण सर्वांनी ती मन लावून ऐकली. साहित्याच्या माणसाला हिमनगाचे अप्रूप थोडे अधिकच. हेमिंग्वेने १९३२ साली गद्यलेखनाला त्याचा दृष्टान्त लावला, आणि तेव्हापासून वर्गावर्गांतून तो फळ्यावर काढला जात आहे. आम्हीही काढला आहे. मात्र त्याच्या पाण्याखालील भागाचा विचार खऱ्याखुऱ्या पाण्यासाठी करण्याची वेळ प्रथमच आली.

कल्पना थट्टेवारी नेण्याजोगी नाही. १९७७ साली अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात या विषयावर परिषद भरली होती आणि तिच्यामागे सौदी अरेबियाचे राजपुत्र महंमद अल् फैसल उभे होते. २०१७ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतून, तर २०१८ मध्ये केप टाउनच्या टंचाईत हीच योजना पुन्हा पुढे आली. मोठा हिमनग मात्र आजवर कोणत्याही तहानलेल्या शहरापर्यंत पोहोचलेला नाही. तसा परदेशी बर्फ आपल्याला अगदीच अनोळखी नव्हे. १८३३ साली बोस्टनचा बर्फ जहाजाने कलकत्त्याला उतरला आणि पुढे मुंबईलाही येऊ लागला. पण तो साहेबांच्या पेल्यासाठी होता. गावाची तहान भागवण्याचा दावा त्याने केला नव्हता.

आपल्या किनाऱ्यापुरता हिशेब केला तर दोन अडचणी लगेच दिसतात. मुंबईसमोरचा समुद्र सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत उथळच आहे. दोनशे मीटर पाण्यात बुडालेला हिमनग विषुववृत्त ओलांडूनही टिकला, तरी तो तिथेच रुतेल. दुसरी अडचण सह्याद्रीची. महाराष्ट्राचा खरा कोरडा मुलूख घाटमाथ्यापलीकडे, समुद्रसपाटीपासून पाचसहाशे मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावर वितळलेले पाणी तिथवर चढवायचे तर वीज लागेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी पोहोचले ते मिरजेहून, रेल्वेने; पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. लांबून पाणी आणणे म्हणजे काय, हे त्या गाडीने दाखवून दिले.

इतके असूनही हिमनगाचा मोह सुटत नाही. आमच्या मते त्याचे कारण एकच: तो कोणाचा नाही. त्याच्यासाठी कोणाचे गाव उठत नाही, कोणाचे शेत बुडत नाही. ते ऋण नसलेले पाणी आहे. आणि नेमके इथेच कात्रपच्या नळाकडे पाहावे लागते.

बदलापूरला पाणी येते ते उल्हास नदीवरील बॅरेजमधून. उन्हाळ्यात या भागातील बहुतेक ओढे-नद्या आटतात; उल्हास वाहती राहते, कारण भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेले पाणी तिला मिळते. ते पाणी सह्याद्रीपलीकडचे, मावळातील ठोकरवाडी धरणाचे. आंध्रा नदी अडवून टाटांच्या कंपनीने ही योजना १९२२ मध्ये सुरू केली. धरण नसते तर तेच पाणी आंध्रेतून इंद्रायणीला, इंद्रायणीतून भीमेला मिळून पंढरपुराकडे गेले असते. आज ते बोगद्यातून पश्चिमेकडे वळते, सुमारे ५०० मीटर खाली कोसळून वीज देते आणि मग आमच्या टाकीत येते. ज्या इंद्रायणीचे अभंग आम्ही शिकवतो, तिच्या वाट्याचे पाणी पिऊन शिकवतो. भीमेच्या खोऱ्यात सोलापूरकडे टंचाई असते तेव्हाही.

म्हणजे दूरचे पाणी ओढून आणण्याचा चमत्कार इथे शंभर वर्षांपूर्वीच घडला आहे. आपण त्याला नाव दिले नाही, इतकेच. मोठ्या प्रयत्नाला आपण ‘भगीरथ प्रयत्न’ म्हणतो. पण त्याच कथेत जन्हू ऋषी आहे. गंगेच्या लोंढ्यात त्याची यज्ञभूमी वाहून गेली, तेव्हा त्याने ती सारी पिऊन टाकली आणि भगीरथाला त्याची विनवणी करावी लागली. गंगेला जान्हवी हे नाव त्या तक्रारीतून मिळाले. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह करणारे मावळे आणि त्यांचे सेनापती बापट हे आमच्या लेखी आधुनिक जन्हू होत. त्यांची विनवणी कोणी केली नाही.

घाटमाथ्यावरचे हे पाणी पूर्वेकडेच राहू द्यावे, अशी मागणी आज होते. ती मान्य झाली तर कात्रपच्या नळाचे काय, हा प्रश्न आम्हालाही भेडसावतो. तो लपवण्यात अर्थ नाही. तरीही आमचे म्हणणे असे की ती मागणी परक्याची कुरकुर समजू नये. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै २०१९ मध्ये याच उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. जुलैत बोटी आणि मे महिन्यात टँकर लागणाऱ्या गावाने ध्रुवाकडे पाहण्याआधी आपले छप्पर, आपल्या विहिरी आणि आपले सांडपाणी यांकडे पाहिले पाहिजे. आमची गरज जितकी घटेल, तितके भीमेचे पाणी भीमेकडे सोडणे शक्य होईल.

साहित्याच्या शिक्षकाने यात काय करावे? पुढच्या वेळी हिमनगाचा दृष्टान्त सांगताना हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवावे, आणि हे पाणी कोठून आले, एवढे वर्गाला विचारावे.