प्रतिपक्षासाठी वाजलेली टाळी

४ डिसेंबर २०२१ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर न्यूझीलंडचा फिरकी गोलंदाज एजाज पटेल याने मोहम्मद सिराजला बाद केले आणि भारताच्या डावातील दहाच्या दहा बळी त्याच्या एकट्याच्या नावावर जमा झाले. १९५६ मध्ये जिम लेकरने आणि १९९९ मध्ये अनिल कुंबळेने केलेला पराक्रम कसोटी क्रिकेटमध्ये तिसऱ्यांदा घडला होता. आपल्या संघाचा अख्खा डाव एका परक्या गोलंदाजाने गुंडाळला असताना वानखेडेने टाळ्या वाजवल्या. ही टाळी नेमकी कशाची होती? प्रश्न वरवर क्रीडारसिकांचा वाटेल. आमच्या मते तो आस्वादाचा आहे, आणि म्हणूनच साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मांडावासा वाटतो.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये या पराक्रमाचे एक भावंड आहे. समोरच्या संघाचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज, एकालाही पहिल्या बेसवर पोहोचू न देता, ओळीने बाद करणे म्हणजे 'परफेक्ट गेम'. लेकरने मँचेस्टरला दहा बळी घेतले ते ३१ जुलै १९५६ रोजी. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला डॉन लार्सनने न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड सिरीजच्या सामन्यात परफेक्ट गेम साधला. असा सामना आकार घेऊ लागला की सहकारी खेळाडू त्या पिचरशी बोलायचे टाळतात, त्या गोष्टीचा उच्चारही अशुभ मानतात. पूर्णतेच्या सान्निध्यात माणसे अशी दबकतात.

वानखेडेच्या टाळीबद्दल एक शंका मात्र प्रामाणिकपणे घ्यायला हवी. एजाजचा जन्म मुंबईचा. आठव्या वर्षी तो कुटुंबासह न्यूझीलंडला गेला. टाळी त्याच्या कलेला होती, की 'आपलाच पोरगा' म्हणून होती? शिवाय पुढे भारताने न्यूझीलंडला ६२ धावांत गुंडाळून सामना ३७२ धावांनी जिंकला. औदार्याला फारशी किंमत मोजावी लागली नाही. ही टाळी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. तिची परीक्षा झाली नाही, एवढेच.

परीक्षा झाली ती ३१ जानेवारी १९९९ रोजी, चेन्नईच्या चेपॉक मैदानावर. पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचे लक्ष्य होते. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेला सचिन तेंडुलकर १३६ धावा काढून बाद झाला तेव्हा केवळ सतरा धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. ते तिघे चार धावांत गेले. भारत बारा धावांनी हरला. तेथे 'आपलाच पोरगा' नव्हता, विजयाची खात्री नव्हती, प्रतिस्पर्धी तर सर्वांत कडवा. आणि तरीही चेपॉक उभे राहिले, पाकिस्तानच्या संघाने त्या टाळ्यांच्या गजरात मैदानाला फेरी मारली.

आम्ही त्या दिवशी वर्ध्यात होतो, आणि ती टाळी आम्ही ऐकली नाही. सचिन बाद झाल्याबरोबर घरातल्या कोणीतरी उठून दूरदर्शन संच बंद केला. शेजारच्या घरांतूनही आवाज येईनासा झाला. चेपॉकमध्ये काय घडले ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले. पुढच्याच रविवारी, ७ फेब्रुवारीला, दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर कुंबळेने ७४ धावांत दहा बळी घेतले. नऊ बळी झाल्यावर चुकूनही गडी बाद होऊ नये म्हणून जवागल श्रीनाथ यष्टींपासून दूर चेंडू टाकू लागला, तेव्हा त्याच घरात आम्ही प्रत्येक 'वाइड'ला टाळी दिली. त्या टाळीची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु आठ दिवसांत दोन थोर प्रसंग घडले, आणि त्यांतला जो अधिक दुर्मीळ होता तो आमच्या हातून निसटला. तो कोणी हिरावला नव्हता. बटण आमच्याच घरात दाबले गेले होते.

अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने सांगितली आहेत. समोर घडते आहे ते 'माझे' किंवा 'दुसऱ्याचे' अशा नियमात भावनेला बांधून घेणे, हे त्यांतील एक. चाहत्याचे अवघे अस्तित्वच या विघ्नावर उभे असते. मग उपाय काय? सेवाग्रामच्या सायंप्रार्थनेत स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हटली जातात. जयपराजयात सम राहणाऱ्या त्या पुरुषाला चेपॉकवर बसवले असते तर त्यानेही टाळी वाजवली असती. पण त्या टाळीने कोणाचा ऊर भरून आला असता? ज्याला पक्षच नाही त्याची दाद निर्दोष असते आणि हलकीही असते. चेपॉकच्या दादेचे मोल ती देणाऱ्यांच्या दुःखात होते. विघ्न होते, ते ओलांडले गेले, म्हणून रस आला.

बेसबॉलच्या चाहत्यांनी हेच वेगळ्या रीतीने दाखवले. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये अर्मांडो गालारागाने सव्वीस फलंदाज ओळीने बाद केले. सत्ताविसावाही बाद होता, पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले. चूक त्यांनी त्याच रात्री कबूल केली. दुसऱ्या दिवशी गालारागाने संघाची यादी स्वतः नेऊन त्यांच्या हाती दिली, तेव्हा जॉइस यांचे डोळे भरून आले आणि आदल्या रात्री संतापलेल्या त्याच शहराच्या प्रेक्षकांतून टाळ्या उमटल्या. ज्यांचे नुकसान झाले होते त्यांचीच ती दाद होती.

आम्हा वैदर्भीयांकडे तर या विषयाचा घरचा दाखला आहे. १९८५-८६ च्या रणजी हंगामात जोधपूरला राजस्थानच्या प्रदीप सुंदरमने ७८ धावांत डावातील दहाही बळी घेतले, ते विदर्भाचे. पुढे विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकला. त्या विजयांच्या कथा आपण आवडीने सांगतो. जोधपूरची कथा आम्हाला एकाही मैफलीत ऐकायला मिळालेली नाही. परंतु दहा बळींच्या त्या पूर्णतेत बाद झालेले दहा जणही सामील होते. आपल्या पराभवातून कोणाचे तरी सर्वोत्तम घडले, हे स्मरणात ठेवणे हीसुद्धा दादच आहे.

मराठी समीक्षेत गटबाजीची तक्रार जुनी आहे आणि तिच्यावर तटस्थतेचे औषध सुचवण्याची रीतही जुनीच. आम्हाला हे औषध पटत नाही. ग्रामीण, दलित, महानगरी, देशीवादी यांपैकी कोणती तरी बाजू वाचकाने मनापासून धरलेली असावी. तिच्या पराभवाने त्याला झोप येऊ नये. मात्र प्रतिपक्षाच्या हातून निर्दोष कृती घडली की त्याला उठून उभे राहता आले पाहिजे. वर्गात शिक्षकाने विद्यार्थ्याला आवडता लेखक विचारावा, ते ठीकच. त्याहून कठीण प्रश्न असा, की तुझी भूमिका ज्याला मान्य नाही अशा कोणत्या लेखकासाठी तू टाळी वाजवलीस?

आमच्यापुरते सांगायचे तर सामना हरला तरी आता आम्ही संच लगेच बंद करत नाही.